जहांगीरमधलं शाईचं चित्र: वाचायचं की नुसतं बघायचं?

ठाकूरद्वारची (प्रश्न)

अक्षरांसारखी दिसणारी पण वाचता न येणारी शाईची चित्रं असतात, त्यांचा अर्थ कसा लावायचा हे कुणी नीट समजावून सांगाल का? ‘तुम्हाला जे दिसतं तेच’ हे उत्तर मला मिळालंय, खुद्द चित्रकाराकडूनच. त्याने समाधान झालं नाही म्हणून इथे विचारतेय.

चित्र मुंबईच्या जहांगीर कलादालनात लागलंय. माझं ऑफिस फोर्टात, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत अधूनमधून तिकडे चक्कर होते. या वेळी बाबा बरोबर होते. त्यांचं बँकेतलं पेन्शनचं काम आटोपलं आणि आम्ही आत शिरलो. चित्र उंचीला माझ्या खांद्यापर्यंत येईल. कागद जाडसर, खरबरीत, हातकागद असावा. त्यावर फक्त काळी शाई. वरच्या बाजूला एक आडवा पट्टा आहे, अगदी सरळ नाही, मध्ये किंचित झुकलेला. त्याच्याखाली एका ओळीत लहान लहान वळशांच्या खुणा, एकमेकींत अडकलेल्या. उजवीकडून एक जाड फटकारा निघतो, पट्ट्याला छेदून तिरका खाली उतरतो आणि तळाशी पोचेपर्यंत त्याच्या दोऱ्या दोऱ्या होतात. डाव्या कोपऱ्यात थेंब पडलेत. खाली उजव्या कडेला नखाएवढा लाल चौकोन. चित्राचं नाव ‘अनाम’ आणि पुढे एक आकडा.

बाबांनी चष्मा पुसला आणि सरळ वाचायलाच लागले. “हा श्री आहे बघ. ही त्याची वेलांटी.” त्यांचे आजोबा कोकणात खोताकडे कारकून होते, मोडीत हिशेब लिहायचे. त्यामुळे बाबांना त्या खुणा मोडीच वाटल्या. मला मात्र पाऊस दिसला. तिरका, वाऱ्याचा पाऊस, आणि वरचा पट्टा म्हणजे पागोळ्या गळणारी पत्र्याची कड. बसमध्ये ठाकूरद्वार येईपर्यंत आमचा वाद चालू होता आणि घरी आईने तो परत सुरू करून दिला.

आता मला खरंच जाणून घ्यायचंय. दोघांचंही बरोबर असू शकतं का? अर्थ चित्रात असतो की बघणाऱ्याच्या डोक्यात? मला मोडी येत असती तर ते वाचता आलं असतं का? प्रदर्शन सोमवारपर्यंत आहे. परत जाणार आहे, तेव्हा काय बघू ते सांगा.

---

फास्ट_विरार

एवढा विचार करू नका असं मी म्हणेन. मी अशा चित्रापुढे थोडा वेळ गप्प उभा राहतो. आत काही हललं तर थांबतो, नाही तर पुढच्या चित्राकडे जातो. अर्थ शोधायला लागलं की चित्र दिसेनासं होतं, हा माझा अनुभव आहे. तुम्हाला पाऊस दिसला ना, मग पाऊस घ्या. बाबांना श्री दिसला, त्यांनी श्री घ्यावा. अमूर्त चित्रात चूक-बरोबर असं काही नसतंच, त्यासाठीच तर ती काढतात.

---

बोरू_दौत

वरच्या उत्तराशी मी सहमत नाही, आणि चित्रकाराच्या उत्तराशीही नाही. गप्प उभं राहायला माझी ना नाही. पण ‘चूक-बरोबर नसतंच’ म्हटलं की बघण्याचं कामच संपतं, आणि ते इतक्या लवकर संपू नये.

मी मोडी कागदांचं लिप्यंतर करते. लोक घरातले जुने दस्त, वाटणीपत्रं, देवस्थानाच्या सनदा घेऊन येतात, त्या देवनागरीत उतरवून देते. कागद बघायला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागारात जाणं होतं, म्हणजे तुम्ही उभ्या होतात त्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. डोळे थकले की रस्ता ओलांडून जहांगीरला जायचं, ही माझी फार जुनी सवय. न वाचता येणाऱ्या ओळींसमोर बसून राहणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाबांबद्दल. ते वाचायला लागले यात काहीच गैर नाही. आडवा पट्टा आणि त्याला लटकलेल्या खुणा दिसल्या की देवनागरीवर पोसलेला डोळा तिथे शिरोरेषा बघणारच. चित्रकाराला हे पक्कं माहीत असतं आणि तो त्याचा उपयोग करतो. तमिळ वाचणाऱ्या माणसाला तो पट्टा शिरोरेषा वाटणार नाही, कारण त्याच्या लिपीत ती नाहीच. म्हणजे अर्थ एकट्या चित्रात नाही, आणि तुमच्या एकटीच्या डोक्यातही नाही. तो एका लिपीत वाढलेल्या सगळ्यांच्या सवयीत आहे. त्यामुळे ‘ज्याचं त्याचं’ म्हणून ते सोडून देता येत नाही.

आता, मोडी येत असती तर वाचता आलं असतं का? आधी हे ठरवावं लागतं की मागे खरोखर मजकूर आहे का. काही चित्रांत असतो. चीनमध्ये तांग राजवटीत, ८व्या शतकात, ह्वायसू नावाचा भिक्षू होऊन गेला. त्याची धावती लिपी आपल्याला गुंतलेला दोरा वाटेल, पण शिकलेला चिनी वाचक ती अक्षर-अक्षर वाचतो. जपानच्या इनोउए युइचींनी विसाव्या शतकात भल्यामोठ्या कुंचल्याने एकेकच अक्षर कागदभर लिहिलं. अमूर्त वाटतं, पण ते अक्षर असतं आणि त्याला अर्थ असतो. इराणमध्ये सुलेखनकार सरावाचे कागद वाया घालवत नसत. त्याच कागदावर आडवी, उलटी, एकावर एक तीच अक्षरं लिहीत जायचे. त्याला ‘सियाह मश्क’ म्हणतात, आणि पुढे असे कागद मुद्दाम चित्र म्हणून केले जाऊ लागले. तिथे अक्षर प्रत्येक वाचता येतं, वाक्य मात्र होत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला शू बिंग. या चिनी कलावंताने १९८० च्या दशकाच्या शेवटी सुमारे ४००० अक्षरं स्वतः रचली, लाकडात कोरली आणि त्यांचे ग्रंथ छापले. त्यातलं एकही अक्षर खरं नाही. चिनी न येणारा माणूस ते बघून शांतपणे पुढे जातो. ज्याला येतं तोच अडकतो, कारण प्रत्येक अक्षर ओळखीचं वाटतं आणि ऐनवेळी हातातून निसटतं. मला हे काम फार मोठं वाटतं.

आणि काही ठिकाणी लिपी अजिबातच नसते. अमेरिकेतल्या फ्रान्झ क्लाइनची काळी-पांढरी चित्रं बघा. जपानी सुलेखनकारांच्या एका मासिकाने १९५१ साली पहिल्याच अंकावर त्याचं चित्र छापलं होतं, इतकी ती त्यांना आपली वाटली. पण क्लाइन रंगाऱ्याचा ब्रश घेऊन काळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर काळा असा पुन्हा पुन्हा जायचा. एका दमात लिहिल्यासारखं दिसणारं त्याचं चित्र एका दमातलं नसतं. शाईच्या कागदावर ही सोय नाही. तिथे पडलेली रेघ पुसता येत नाही, आणि मागचा पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागदच असतो.

म्हणून ‘हे काय आहे’ याच्या आधी ‘हे कसं झालं’ हे विचारा. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. शाईच्या चित्रात हाताने काय केलं त्याचा पुरावा कागदावर राहतो, आणि अर्थाची सुरुवात त्या पुराव्यापासून करायची. शीर्षकापासून नाही, मूडपासून नाही, आणि चित्रकाराच्या तोंडच्या वाक्यापासूनही नाही.

मोडीत हे रोज करावं लागतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ धड पाळलेलं नसतं. अक्षराचा आकार बघून वाचायला गेलात तर पहिल्या ओळीतच हात टेकाल. वाचायचं असतं हाताचं वळण. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा, शक्यतो हात न उचलता. आपण शाळेत शिकलो ते उलट: शब्द लिहायचा आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ द्यायची.

तुमच्या चित्रात मी सगळ्यात आधी हेच बघेन. पट्टा आधी की खुणा आधी? पट्टा आधी असेल तर ती आखणी आहे, पुढे येणाऱ्या लिखाणासाठी बांधलेली जागा. पट्टा नंतर असेल तर तो शेवट आहे, लिहिलेलं बंद करणारी रेघ. दिसायला दोन्ही सारखेच, पण चित्रं दोन वेगळी.

दुसरं, शाई कुठे भरली ते शोधा. जुन्या कागदावर बोरू दौतीत बुडवल्यावरचं पहिलं अक्षर काळंकुट्ट असतं, पुढे चार-सहा शब्दांत ते फिकं होत जातं, मग परत एकदम काळं. एखादा कारकून शब्द पुरा करून मगच बोरू बुडवतो. दुसरा शब्दाच्या मध्येच थांबतो. कधी शेवटपर्यंत फिकी, ओरबाडल्यासारखी शाई ओढत नेलेली दिसते, तिथे घाई होती हे सांगायला मजकूर लागत नाही. मागे एका वाटणीपत्रात मोठ्या भावाच्या हिश्शाच्या ओळी सलग, एका लयीत लिहिलेल्या होत्या. विधवा भावजयीच्या वाट्याच्या ओळीत मात्र बोरू जागोजाग थांबलेला, तीन शब्दांत शाईचे चार ठिपके. लिहिणारा तिथे कुणाकडे तरी बघत होता, कुणाचं तरी ऐकत होता. मजकुरात याचा एक शब्दही नाही.

हेच चित्राला लावा. जिथे कुंचला थांबला तिथे शाई फुटते, रेघेला गाठ येते. जिथे तो वेगात गेला तिथे खरबरीत कागदाचे उंचवटे तेवढे काळे होतात आणि खळग्यांत पांढरं राहतं. तुम्ही म्हणता तशा दोऱ्या तिथूनच येतात, शाई संपत आलेली असते आणि हात तरी थांबलेला नसतो. थेंबही बघा. तिरपे उडालेले थेंब लांबट असतात आणि त्यांची शेपटी ज्या दिशेला गेले तिकडे असते. सरळ खाली पडलेले गोल असतात. तुमचे थेंब कसे आहेत ते प्रश्नात लिहिलेलं नाहीत.

आम्हाला वर्गात शिकवलेली एक रीत सांगते. अक्षर कळलं नाही की आमचे गुरुजी म्हणायचे, बोलू नका, गिरवा. कागदाला हात न लावता, बोट हवेत धरून, रेघ जशी गेली असेल तशी फिरवायची, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मनगट जिथे अडेल तिथे लिहिणाऱ्याने हात उचललेला असतो किंवा दिशा बदललेली असते. चित्रासमोर हे करून बघा. लोक बघतील, बघू द्या. जाड फटकारा मनगटाने काढता येतो का? खांद्यापासून हात फिरवावा लागतो का? की पाऊल मागे घ्यावं लागतं? तुमच्या खांद्याइतक्या उंचीच्या कागदावर आरपार फटकारा म्हणजे बहुतेक कागद जमिनीवर होता आणि माणूस उभा होता.

हे झालं की मग श्री आणि पाऊस यांच्याकडे या. जो अर्थ कागदावरच्या जास्तीत जास्त खुणांचा हिशेब देतो तो जास्त टिकतो. ‘श्री’ म्हटलं तर थेंबांचं आणि लाल चौकोनाचं काय करायचं? ‘पाऊस’ म्हटलं तर वळशांच्या ओळीचं काय? ज्याला खुणा सोडून द्याव्या लागतात तो अर्थ अर्धाच.

आणि भिंतीवरची त्याची बाकीची चित्रं जरूर बघा. तोच फटकारा पाच चित्रांत असेल तर तो निर्णय आहे. एकाच चित्रात असेल तर कदाचित हातून घडून गेलेला असेल आणि नंतर ठेवून दिलेला. ठेवून देणं हाही निर्णयच, पण वेगळ्या जातीचा.

---

कटनिब

वरचं उत्तर मला पटलं, फक्त एका बाबतीत भर घालतो, कारण त्यावर सगळा निकाल फिरू शकतो.

मी जे. जे. अप्लाइड या कलाशाळेचा. हातानेच अक्षरं काढायचे दिवस होते तेव्हा जाहिरात कंपनीत लेटरिंग केलं, संगणक आल्यावर डीटीपी. शाई आणि कागद याच माझ्या दोन विषयांवर बोलतो.

दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे वर दिसणारी रेघ नंतरची, असं आपण धरून चालतो. पोस्टर कलरला ते खरं आहे. पण शोषणाऱ्या कागदावर, काजळी आणि सरसाच्या पारंपरिक शाईने काम केलं असेल तर उलटं दिसतं. पहिली रेघ कागदाच्या तंतूंत शिरते, सरसामुळे तिथली जागा भरून जाते. दुसऱ्या रेघेच्या शाईला मग तिथे आत शिरायला वाव उरत नाही, ती आजूबाजूला पसरते. त्यामुळे पहिलीच रेघ अखंड, वर असल्यासारखी दिसते. चिनी-जपानी शाई फिकी करून वापरली की हे अगदी स्पष्ट दिसतं. गडद काळ्यावर गडद काळं असेल तर बाजूने, तिरप्या उजेडात बघावं लागेल.

म्हणून आधी शाई कोणती ते ओळखा. बाटलीतल्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये लाख असते, वाळल्यावर तिला चकाकी येते आणि ती कागदाच्या वर बसल्यासारखी वाटते. वडी घासून केलेली शाई मॅट, आत मुरलेली दिसते. कागद खळ दिलेला असेल तर रेघेची कड स्वच्छ येते, बिनखळीचा असेल तर कडेला बारीक केस फुटतात. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर बहुतेक ‘इंक ऑन पेपर’ एवढंच असेल, तेव्हा डोळ्यांनीच ठरवावं लागेल.

आणखी एक. अशी चित्रं म्हटली की सगळे चीन-जपानकडे बोट दाखवतात, पण आपल्याच शहरात याची मोठी परंपरा आहे आणि ती बघितली तर तुमच्या चित्राची भाषा लवकर उलगडेल. संगणकावर देवनागरी वाचताना तुम्ही जो ‘मंगल’ फाँट बघितला असेल तो र. कृ. जोशींनी घडवलेला. पवईला आयआयटीत शिकवायचे, कवी होते. अक्षराची शिस्त ज्यांनी संगणकापर्यंत नेली, त्याच माणसाने ब्रश घेऊन अक्षर पार मोकळंही सोडलं. या दोन गोष्टी एकाच हाताच्या आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुलेखनकार अच्युत पालव आमच्याच कॉलेजचे. मोडीचा अभ्यास करून तिचं वळण त्यांनी देवनागरीत आणलं. आज मुंबईत कुणीही ब्रशने मोडीसारखं काही काढलं तर त्यांच्या कामाशी नातं तपासावंच लागतं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा अक्षरवाल्यांना घरातल्या माणसाला मिळाल्याचा आनंद झाला.

आणि चित्रकार वा. सु. गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, पण वाढले गिरगावात, ठाकूरद्वारच्या ताईंच्या शेजारीच म्हणायला हवं. जे. जे. मधून १९४८ ला बाहेर पडले. त्यांचे मोठे कॅनव्हास सगळ्यांना माहीत असतात. १९८० च्या दशकात अपघातानंतर मोठं काम बंद होतं, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं वाटतात ती. छापील रूपात जरी कुठे बघायला मिळाली तरी बघा. त्यांत फटकारा नाही, आरडाओरडा नाही, प्रत्येक खूण वजन करून ठेवलेली. तुमच्या चित्रकाराचा हात जोशींच्या बाजूचा आहे की गायतोंड्यांच्या, एवढं जरी ठरवता आलं तरी खूप झालं.

---

ठाकूरद्वारची

काल शनिवारी बाबांना घेऊन परत गेले. तुम्हा दोघांची उत्तरं फोनवर उघडी ठेवूनच चित्रासमोर उभी राहिले.

शाई मॅट आहे, चकाकी नाही, कडेला बारीक केस फुटलेत. म्हणजे शोषणारा कागद. फटकारा पट्ट्याला जिथे छेदतो तिथे बाजूने बघितलं तर पट्ट्याची खालची कड फटकाऱ्याच्या आतून सलग जाताना दिसते. कटनिब म्हणतात त्या हिशेबाने पट्टा आधीचा. वळशांच्या खुणांची डोकी डावीकडे पट्ट्यात मिसळून गेलीत, उजवीकडे तशी नाहीत, तिथे कड स्वच्छ आहे. म्हणजे पट्टा ओला असतानाच डावीकडून लिहायला सुरुवात झाली आणि उजवीकडे पोचेपर्यंत तो वाळला, असं मी धरलं. थेंब सगळे गोल आहेत. एकालाही शेपटी नाही. मी त्यांना फटकाऱ्याचे शिंतोडे समजत होते, ते तसे नाहीत. कुणीतरी भरलेला कुंचला घेऊन तिथे उभं होतं.

बोट फिरवून बघितलं. फटकाऱ्याला दोन पावलं मागे यावं लागलं आणि मी मागच्या बाईंना धडकले. त्यांना सांगितल्यावर त्याही फिरवायला लागल्या.

चित्रकार तिथेच होते. या वेळी अर्थ विचारला नाही. विचारलं, पट्टा आधी काढलात ना? आणि ते बोलायलाच लागले. पट्टा आधी काढतात, मग लगेच लिहितात, थांबत नाहीत. मोडी त्यांना येत नाही. गावच्या घरी ट्रंकेत जमिनीचे मोडी कागद होते, लहानपणी ते उलगडून बसायचे, त्यातला नुसता हात आठवतो म्हणाले. फटकारा सगळ्यात शेवटचा, खूप वेळ उभं राहिल्यानंतरचा. कधी कधी मारतच नाहीत, आणि ते कागद प्रदर्शनात नाहीत.

बाबांनी श्री सोडला. ते म्हणतात, हे लिहून रद्द केलेलं आहे, दस्तावर काट मारतात तसं. मला अजूनही पाऊसच दिसतो, पण आता तो लिहिलेल्यावर पडलेला पाऊस आहे, पहिल्यासारखा पत्र्यावरचा नाही. वाद चालूच आहे, पण वेगळा. लाल चौकोनाचं विचारलं तर चित्रकार म्हणाले, तोल साधायला लागतो म्हणून. ते तेवढंच धरायचं का?

---

फास्ट_विरार

थेंब गोल आहेत हे वाचून मी आज मुद्दाम चर्चगेटला उतरून गेलो. खरंच गोल आहेत. आधी मी त्या चित्रापुढे मिनिटभर थांबून पुढे गेलो असतो. पण एक विचारायचं आहे, बोरू_दौत: चित्रकार बोललेच नसते तर? सगळ्याच चित्रांचे चित्रकार शेजारी उभे नसतात.

---

बोरू_दौत

नसतातच, आणि माझ्या कामात तर लिहिणारा कधीच शेजारी नसतो. पण बघा, त्यांनी काय सांगितलं? पट्टा आधी, लिखाण लगेच, वाट बघणं, मग फटकारा. यातलं जवळपास सगळं ताईंनी कागदावरून आधीच काढलं होतं. नवीन कळलं ते ट्रंकेचं आणि न दाखवलेल्या कागदांचं. ट्रंकेची गोष्ट चांगली आहे, पण ती नसती तरी चित्र उभं राहिलं असतं. न दाखवलेले कागद मात्र फार मोलाची माहिती आहे. फटकारा नसलेलं लिखाण त्यांना अपुरं वाटतं, हे त्यातून कळतं.

ताई, तुमचा आणि बाबांचा वाद आता एकाच घटनेबद्दल आहे. एक ओळ लिहिली गेली, कुणीतरी खूप वेळ भरलेला कुंचला धरून उभं राहिलं, आणि मग त्या ओळीवरून काहीतरी गेलं. ते रद्द करणं होतं की धुऊन नेणं, यावर तुम्ही दोघं खुशाल भांडा. दोन्ही अर्थ सगळ्या खुणांचा हिशेब देतात. थेंब तर आता दोघांच्याही बाजूने आहेत, कारण वाट बघणं दोन्हीत येतं. बाबांच्या बाजूने एक पुरावा देते: रद्द केलेल्या नोंदीवरची काट मी खूप बघितली आहे, आणि ती मारणारा ओळ पूर्ण झाकत नाही. खालचं वाचता येईल असंच ठेवतो, कारण काय रद्द केलं तेही दिसायला हवं असतं. तुमच्या वर्णनात खुणा फटकाऱ्याखालूनही दिसतात असं मला वाटतं. तसं नसेल तर हा पुरावा बाबांना सांगू नका.

लाल चौकोनाबद्दल चित्रकाराचं उत्तर मी पूर्ण धरणार नाही. तोल साधतो हे खरं असेल, पण तोल ठिपक्यानेही साधला असता. चौकोन आणि लाल म्हटलं की चिनी-जपानी चित्रांतला नावाचा शिक्का आठवतो, हिंगुळाच्या लाल लगद्यात बुडवून उमटवलेला. त्यांनी तो तिथून घेतला हे उघड आहे. पण आपल्याकडच्या कागदाला दोन शिक्के असतात. मुद्रा वर असते, ती कुणाचा कागद ते सांगते. मोर्तब मजकुराच्या शेवटी असते, इथे मजकूर संपला, यापुढे कुणी काही घालू नये म्हणून. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ येतं ती हीच. त्यांचा चौकोन तळाशी आहे, सगळ्या खुणा झाल्यानंतरच्या जागी. ट्रंकेतल्या कागदांचा हात ज्याला आठवतो त्याला त्या कागदांवरच्या शिक्क्याची जागाही आठवत असणार, ओठांवर आली नाही तरी.

फक्त एक गोष्ट तुमच्या लिहिण्यातून मला कळलेली नाही. फटकाऱ्याच्या दोऱ्या त्या चौकोनापर्यंत पोचतात का? पोचत असतील तर लाल त्यांच्यावर उमटलाय की त्या लालवरून गेल्यात? शिक्का आधीचा निघाला तर बंद केलेल्या कागदावर नंतर कुणीतरी काट मारलीय, आणि मग बाबांचं आणि तुमचं दोघांचंही नव्याने बघावं लागेल. उद्या सोमवार, सातला बंद होतं.